थंडीआधी घराची डागडुजी : आधी ओल, मग फटी

साताऱ्यात थंडीसाठी घर तयार करणे म्हणजे मुख्यतः पावसाळ्याची थकबाकी फेडणे होय. चार महिने भिंतींनी प्यायलेले पाणी बाहेर पडण्याआधीच दारे-खिडक्यांच्या फटी बुजवल्या, तर ती ओल घरातच कोंडते आणि पौषात कपाटामागे बुरशी धरते. म्हणून ज्या ऑक्टोबरच्या उन्हाला आपण एरवी नावे ठेवतो, त्याचा दसऱ्यापासून पुरेपूर उपयोग करावा: कपाटे भिंतीपासून वीतभर पुढे ओढावीत आणि दुपारी समोरासमोरच्या खिडक्या उघड्या ठेवाव्यात. कमी पावसाच्या माण-खटावकडे हे काम लवकर आटोपते; जास्त पावसाच्या जावळी-पाटणकडे मात्र धीर धरावा लागतो.

भिंत वाळली की नाही, हे हाताला कळत नाही. सुमारे दीड फूट लांबी-रुंदीचा पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने भिंतीला घट्ट लावून एक दिवस तसाच ठेवावा. भिंतीकडच्या बाजूने थेंब साचले, तर ओल भिंतीतच आहे. खोलीकडच्या बाजूने साचले, तर हवा दमट आहे. पहिल्या प्रकारात रंगकाम पुढे ढकलावे. दिवाळीच्या घाईत मी एकदा ओल्या भिंतीला रंग दिला होता, त्याचे पोपडे संक्रांतीपर्यंत झाडूने गोळा करत होतो.

लाकडाचेही तसेच आहे. श्रावणात फुगून अडकणाऱ्या दाराला तेव्हाच रंधा मारला, तर मार्गशीर्षात लाकूड आकसून तिथे बोट जाईल एवढी फट पडते. रंधा मारायचा तो आत्ता, लाकूड वाळल्यावर, आणि तोही गरज उरली असेल तरच. उरलेल्या फटींना रबरी पट्टी पुरते. सरकलेली कौले याच दिवसांत बसवून घ्यावीत.

गरम पाण्याकडे अधिक बारकाईने पाहावे. डिसेंबरात साताऱ्याचा सूर्य भर दुपारीही क्षितिजापासून सुमारे ४९ अंशच वर येतो, त्यामुळे उन्हाळ्यात सोलरला न अडवणारी दक्षिणेकडची आंब्याची फांदी किंवा पाण्याची टाकी आता त्यावर सावली टाकते. काचेच्या नळ्या सकाळी लवकर धुवाव्यात, कारण तापलेल्या नळीवर गार पाणी पडले की ती तडकू शकते. तांब्याचा बंब असेल तर जाळीखालची राख काढावी, तो काठोकाठ भरून रात्रभर ठेवावा आणि सकाळी बुडाखालची फरशी ओली झाली आहे का ते पाहावे. रिकामा बंब मात्र कधीही पेटवू नये, कारण त्याच्या सांध्यांचा डाख, म्हणजे जोडकामाचा धातू, वितळून सुटतो.

गॅस गीझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत असावा. तो आतच असेल, तर हलवून घेईपर्यंत वापरू नये. बंद जागेत त्यातून किंवा कोळशाच्या शेगडीतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि माणसाला गुंगी येऊन जीव जातो. थंडी वाजते म्हणून झरोक्याला पोते लावण्याची सवय यासाठीच सोडावी. शेगडी पेटती ठेवून दार लावून झोपणे तर मुळीच नको.

वाकळा आणि गोधड्या सर्वांत शेवटी काढाव्यात. दोन दिवस कडक ऊन देऊन त्या आत आणाव्यात, पण घड्या बाहेरच्या भिंतीला टेकवून रचू नयेत.