नेट झिरो इमारत आणि हरित विजेचं क्रेडिट: या चुका टाळा

गच्चीभर सोलर बसवलं, वीजबिल आटोक्यात आलं, तरी नेट झिरो मानांकनाची (इमारत वर्षभरात वापरते तेवढी हरित ऊर्जा मिळवते, याची) फाइल शेरे मारून परत आली. अशा वेळी पॅनेल किंवा इन्व्हर्टरमध्ये दोष क्वचितच सापडतो. घोळ कागदात असतो, आणि बहुतेकदा एकाच प्रश्नाभोवती असतो: या विजेच्या हरितपणाचा मालक कोण?

वीज आणि तिचं हरितपण या बाजारात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हरितपण प्रमाणपत्राच्या रूपात वेगळं विकता येतं; एक प्रमाणपत्र म्हणजे एक मेगावॉट-अवर, म्हणजे 1000 युनिट. आपल्याकडे आरईसी या अक्षय ऊर्जा प्रमाणपत्रांची व्यवस्था 2010 पासून आहे, शिवाय आंतरराष्ट्रीय आय-आरईसीही चालतात. प्रमाणपत्र विकलं की वीज तुम्हीच वापरता, पण ती हरित असल्याचा दावा प्रमाणपत्र विकत घेणाऱ्याकडे जातो. म्हशीचं दूध विकून सायीवर हक्क सांगता येत नाही.

सर्वात जास्त फसगत ओपेक्स करारात होते. पॅनेल डेव्हलपरचे, म्हणजे सोलर कंपनीचे, छत तुमचं, युनिटचा दर ठरलेला. प्रमाणपत्रं कोणाची, याबद्दल करारात एकतर काहीच नसतं किंवा शेवटच्या पानांवर ती डेव्हलपरला दिलेली असतात. सही करण्याआधी ते कलम शोधा. सही झालेली असेल तर पुरवणी करार करून घ्या. डेव्हलपर टाळाटाळ करू लागला, तर बहुधा त्याने ती विकायचं ठरवलेलं असतं.

बाहेरून प्रमाणपत्रं घेतलीत तर नुसती पावती पुरत नाही. आय-आरईसी तुमच्या नावाने रिडीम झालेलं, म्हणजे वापरलं म्हणून कायमचं बाद झालेलं हवं आणि त्यावर कोणत्या कालावधीतल्या वापरासाठी ते आहे हेही हवं. दलालाच्या खात्यात पडून असलेलं प्रमाणपत्र पुन्हा विकलं जाऊ शकतं. परीक्षक नेमकं तेच तपासतो.

दुसरी अडचण आकड्यांची. नेट मीटरिंगच्या बिलावरचे निव्वळ युनिट (ग्रिडकडून घेतलेले वजा ग्रिडला दिलेले) म्हणजे इमारतीचा वापर नव्हे. समजा, ग्रिडकडून 3 लाख युनिट घेतले, सोलरने 1.4 लाख तयार केले आणि त्यातले 40 हजार ग्रिडला गेले. मग खरा वापर 4 लाख, आणि निव्वळ आयात 2.6 लाख. सोलर मीटरच्या नोंदी महिन्यागणिक ठेवल्या नाहीत, तर हे गणित नंतर जुळत नाही. उच्चदाब ग्राहकांसाठी आणखी एक मेख आहे: महावितरण 2020 पासून त्यांचं बिल केव्हीएएचवर (पॉवर फॅक्टरचा परिणाम धरणाऱ्या एककावर) करतं, प्रमाणपत्रं मात्र किलोवॉट-अवरवर, म्हणजे नेहमीच्या युनिटवर मोजली जातात. बिलात दोन्ही आकडे असतात, चुकीचा रकाना उचलू नका.

एप्रिल-मेच्या निर्मितीला बाराने गुणणारे हिशेबही अजून दिसतात. पावसाळ्याच्या चार महिन्यांना हा गुणाकार मान्य नसतो. लीड या हरित इमारत मानांकनाच्या ‘लीड झिरो’ प्रकारात सलग बारा महिन्यांचा प्रत्यक्ष मोजलेला वापर लागतो. अर्धी रिकामी इमारत दाखवून मिळवलेलं शून्य भाडेकरू आले की टिकत नाही.

लीडच्या चौथ्या आवृत्तीतल्या (व्ही 4) हरित वीज क्रेडिटला, म्हणजे गुण मिळवून देणाऱ्या निकषाला, किमान 5 वर्षांचा करार लागतो: वापराच्या 50 टक्क्यांना 1 गुण, 100 टक्क्यांना 2. वर्षाला 4 लाख युनिट लागत असतील, तर पूर्ण गुणांसाठी पाच वर्षांत 2000 प्रमाणपत्रं. एका वर्षाची घेऊन पुढचं पुढे बघू, असं चालत नाही. शिवाय वीज देणारा प्रकल्प 1 जानेवारी 2005 नंतर सुरू झालेला हवा. जुन्या प्रकल्पाची प्रमाणपत्रं स्वस्त म्हणून घेतली, तर पैसे वाया.

महावितरणचा हरित दर, म्हणजे जादा आकार भरून हरित वीज घेण्याची सोय, 2021 मध्ये सुरू झाला, तेव्हा तो आकार युनिटला 66 पैसे होता. सोय चांगली आहे, पण मध्येच अर्ज केला तर आधीचे महिने उघडे पडतात.

आणि डिझेल. जनरेटरचं डिझेल किंवा कॅन्टीनचा गॅस एकूण ऊर्जेत धरायचा असतो, पण वीज प्रमाणपत्रांनी तो भरून निघत नाही, कारण ती फक्त विजेपुरती असतात. त्यासाठी कार्बन ऑफसेट, म्हणजे दुसरीकडे उत्सर्जन कमी केल्याची क्रेडिट, लागतात. जनरेटरचं लॉगबुक सुरक्षा रक्षकाच्या टेबलावर धूळ खात असेल, तर अर्ज भरण्याआधी ते मागवून घ्या. लिटर कळले की ऑफसेट किती घ्यायचे ते ठरवता येतं.