आभाराची पत्रं हाताने लिहिताय? मग या चुका टाळा

लग्नसराई संपली की नात्यातलं नाहीतर सोसायटीतलं कुणीतरी कोऱ्या कार्डांचा गठ्ठा घेऊन माझ्याकडे येतं. "सगळ्यांना हाताने लिहून आभार मानायचेत, जरा छानसा मजकूर सांगा ना." मजकूर सांगा! एकच मजकूर सगळ्यांना लिहायचा असेल तर छापखाना काय वाईट आहे? तो निदान अक्षर तरी सारखं काढतो.

आमच्या नात्यातल्या एका जोडप्याने हेच केलं. फिरायला जायच्या आधी काम उरकायचं म्हणून चुलत-मावस भावंडांना ओळीने बसवलं आणि एक वाक्य वाटून दिलं: 'आपल्या उपस्थितीने समारंभाची शोभा वाढली, आपल्या अमूल्य भेटवस्तूबद्दल मनःपूर्वक आभार.' पोरांनी इमानेइतबारे उतरवून काढलं. पत्रिकेत 'आहेर आणू नये' असं ठळक छापलेलं. ते ज्यांनी पाळलं, त्यांनाही अमूल्य भेटवस्तूबद्दल आभार गेले. एक काका लग्नाच्या दिवशी दवाखान्यात होते, त्यांच्या उपस्थितीनेही शोभा वाढली. पण खरी पंचाईत शेजारच्या काकूंची. गावाकडची माणसं त्यांच्या घरी उतरलेली. पहाटेपासून गॅसवर पाण्याची पातेली चढवत, चहाचं आधण टाकत त्या घरीच राहिल्या आणि जेमतेम अक्षतांपुरत्या कार्यालयात पोचल्या. त्यांना पत्र आलं, ते हेच. कार्ड माझ्यासमोर धरून म्हणाल्या, "माझ्या उपस्थितीने म्हणे! मी होते कुठे?" त्या हसत होत्या, पण कार्ड काही त्यांनी जपून ठेवलं नाही.

आभाराच्या पत्रात समोरच्याने नेमकं काय केलं ते आलंच पाहिजे. ते नसेल तर अक्षर कितीही वळणदार असो, पत्र कोरंच. आहेराची वही सगळेच ठेवतात: नाव आणि वस्तू. मी त्यात तिसरा रकाना आखून घेते. कुणी गाडी दिली, कुणी आजीला धरून जिना उतरवला, कुणी रात्री उशिरापर्यंत भांडी मोजली, हे सगळं त्यात जातं, आणि तेही त्याच रात्री. चार दिवसांनी आठवून लिहू म्हणणाऱ्यांना फक्त पंगतीतली जिलबी आठवते.

मग पत्र चार ओळींत होतं. "मावशी, सा. न. वि. वि. तुम्ही दिलेल्या कुकरमध्ये काल पहिला वरणभात लावला. शिट्ट्या मोजायला विसरले, भाताचा गोळा झाला, तरी ह्यांनी दोनदा घेतला. हळदीच्या दिवशी माझी पैठणी तुम्ही नेसवून दिलीत म्हणून रडं आवरलं. दिवाळीला येतो." बस्स. 'मनःपूर्वक', 'ऋणानुबंध', 'शब्द अपुरे आहेत' यातलं काहीही लागत नाही. शब्द अपुरे आहेत असं लिहिणारा माणूस सहसा पुढे पानभर लिहितो.

हल्ली मोबाईलला सांगून मजकूर तयार करून घ्यायचा आणि तो सुवाच्य अक्षरात उतरवायचा, अशीही एक पळवाट निघाली आहे. त्या मोबाईलला तुमच्या मावशीचा कुकर कुठून माहीत असणार?

दुसरी चूक पाकिटावरची. आतलं पत्र जीव ओतून लिहितात आणि पत्ता विचारला की म्हणतात, "त्यांनी लोकेशन पाठवलंय." पोस्टमनने त्याचं काय करायचं? गावाकडच्या पत्त्यात तर मु. आणि पो. वेगळे असू शकतात. राहायचं गाव एक आणि पोस्ट शेजारच्या गावात, असं पुष्कळ ठिकाणी असतं. तिथे सरळ 'मु. पो.' ठोकून दिलं की पत्र फिरत बसतं. पिनकोड अंदाजाने टाकू नका. श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी माणसाने बसवलेली ही पद्धत 15 ऑगस्ट 1972 पासून चालू आहे. सहा आकड्यांतले शेवटचे तीन थेट पोस्ट ऑफिस सांगतात, त्यामुळे तिथला एक आकडा चुकला की पत्र भलत्याच पोस्टात.

वजनाचंही तसंच. साध्या पत्राला पहिल्या 20 ग्रॅमपर्यंत 5 रुपयांचं तिकीट. जाड कार्ड आणि वर लग्नाचे दोन फोटो घातले की काटा पुढे सरकतो. तिकीट कमी पडलं तर पत्र नॉटपेड होतं आणि कमी पडलेल्या रकमेची दुप्पट घेणाऱ्याकडून वसूल होते. म्हणजे आभार तुमचे आणि भुर्दंड त्यांना. मी पहिलं पाकीट पोस्टाच्या खिडकीवर वजन करून घेते, मग बाकीच्यांना तिकिटं लावते. रांगेत उभं राहायचा कंटाळा असेल तर फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा, पाकिटात फक्त पत्र घाला.

आंतरदेशीय पत्रात काहीही घालायचं नसतं. तशी सूचना त्यावरच छापलेली असते, ती कुणी वाचत नाही.

आहेराची रक्कम पोस्टकार्डावर लिहू नका. ते उघडं असतं आणि वाचणारे बरेच असतात.

पावसाळ्यात पत्ता बॉलपेननेच लिहा. शाईच्या पेनाची हौस आत फिटवा.

आभाराच्या पत्रात काम सांगू नका. 'मदतीबद्दल आभारी आहे, ता. क. धाकट्याच्या नोकरीचंही बघा' हा अर्ज झाला.

दुःखाच्या प्रसंगी धावून आलेल्यांना रंगीत फुलांचं कार्ड नको. साधा पांढरा कागद घ्या आणि तेरावं झाल्यावर सवडीने लिहा, तिथे कुणी उशीर मोजत नाही.

एरवी उशीर झालाच तर अर्ध पत्र माफीत घालवू नका. एक ओळ पुरे.

पतीच्या माघारी राहणाऱ्या बाईंना 'गं. भा.' लिहायचं की नाही, असं अजून विचारतात. मी 'श्रीमती' लिहिते. जुन्या वळणाच्या एक-दोघींनी नापसंती दाखवली, तरी श्रीमतीच लिहिते.

आणि अक्षर वाईट आहे म्हणून बायकोकडून नाहीतर बहिणीकडून पत्र लिहून घेणाऱ्या पुरुषांनो, तुमचं अक्षर मावशीने तुमच्या पहिलीच्या पाटीवर पाहिलेलं आहे. स्वतः लिहा.