नव्या रेफ्रीने आपल्या चुका कशा तपासाव्यात

फुटबॉलचा सामना संपला की नवा रेफ्री दोनच गोष्टी डोक्यात घोळवतो: कोण किती ओरडलं, आणि ती पेनल्टी होती का नव्हती. त्यातून हाती फार काही लागत नाही. ज्या निर्णयावर आरडाओरडा झाला तो बरेचदा बरोबरच असतो, आणि खरी चूक कुणाच्या लक्षातही आलेली नसते.

म्हणून बूट काढायच्या आधी वहीत जास्तीत जास्त तीन प्रसंग टिपून घ्या. प्रत्येकाचं मिनिट, चेंडू कुठे होता, तुम्ही कुठे उभे होता आणि खेळ पुन्हा कसा सुरू केला, एवढं पुरे. मग प्रत्येकापुढे एक खूण करा: दिसलं नाही, नियम माहीत नव्हता, की दिसलं-कळलं पण निभावता आलं नाही. तिन्हींवरचे इलाज वेगळे आहेत. सगळीकडे ‘पुढच्या वेळी नीट लक्ष देणे’ असंच लिहायचं असेल तर वहीची पानं वाया घालवू नका.

नियमाची चूक सुधारायला सगळ्यात सोपी, आणि म्हणूनच तिला माफी नाही. नेमक्या कुठे गफलती होतात ते ठरलेलं आहे. थ्रो-इन, गोलकिक किंवा कॉर्नरवरून थेट चेंडू मिळाला तर ऑफसाइड नसतो. इनडायरेक्ट फ्री किकला हात वर करायला विसरलात तर चेंडू थेट गोलमध्ये गेल्यावर भांडण ठरलेलं, आणि किक पुन्हा घ्यावी लागते. हात वर असताना थेट गेला तर गोल नाही, गोलकिक. शिवाय जुने खेळाडू आणि काठावरचे जाणकार जुन्या नियमांवर हुज्जत घालतात. गोलकिक पेनल्टी एरियाच्या बाहेर गेलीच पाहिजे, ही अट 2019 मध्ये गेली. चेंडू रेफ्रीला लागला तरी खेळ चालूच, हेही आता सरसकट खरं नाही: रेफ्रीला लागून ताबा दुसऱ्या संघाकडे गेला, चांगला हल्ला सुरू झाला किंवा थेट गोल झाला, तर थांबवून ड्रॉप बॉल द्यायचा, म्हणजे रेफ्रीने चेंडू खाली टाकून खेळ सुरू करायचा. 2025-26 च्या हंगामापासून गोलकीपरने चेंडू आठ सेकंदांपेक्षा जास्त हातात धरला तर समोरच्या संघाला कॉर्नर मिळतो. शेवटचे पाच सेकंद हात वर करून बोटांनी मोजून दाखवायचे. फुटबॉलचे नियम ठरवणाऱ्या इफॅब या संस्थेचं नियमपुस्तक मोफत मिळतं आणि दर वर्षी बदलतं. स्पर्धेचे स्थानिक नियम (सामन्याची वेळ, बदली खेळाडू) मात्र आयोजकांकडून आधीच लेखी घ्या.

चूक मैदानातच लक्षात आली तर? खेळ पुन्हा सुरू झालेला नसेल तर निर्णय बदलता येतो. शिट्टी द्या, दोन्ही कॅप्टनना बोलवा, एका वाक्यात सांगा आणि मोकळे व्हा. खेळ सुरू झाला असेल तर तो निर्णय गेला. त्याची भरपाई म्हणून दुसरीकडे मुद्दाम झुकतं माप दिलंत तर एकाच्या दोन चुका होतात, आणि खेळाडूंना ते लगेच कळतं.

नवख्या रेफ्रीच्या वहीत बहुतेक खुणा ‘दिसलं नाही’ या रकान्यात पडतात. इथे कागदावर मैदानाचा चौकोन काढा आणि त्या क्षणाचे तीन ठिपके द्या: दोन खेळाडू आणि तुम्ही. तिन्ही ठिपके एका रेषेत आले तर उत्तर मिळालं. मागून पाहताना एकाच्या पाठीआड दुसऱ्याचा पाय लपतो. टॅकल चेंडूला लागली की घोट्याला, हे दोघांमधली फट दिसेल अशा बाजूच्या कोनातूनच कळतं. पंधरा-वीस मीटरवरून नीट कोन मिळाला तर तो पाच मीटरवरच्या वाईट कोनापेक्षा बरा. खालच्या पातळीवर नेमलेला लाइन्समन बहुधा नसतो. झेंडा क्लबच्याच कुणाच्या तरी हातात असतो, आणि त्याच्याकडून चेंडू बाहेर गेला एवढीच खबर घ्यावी. ऑफसाइड तुमच्या एकट्यावर असेल तेव्हा मधून न धावता जरा कडेकडेने धावा, म्हणजे बचावाची शेवटची रांग आडवी दिसते.

न दिसण्याचं दुसरं कारण म्हणजे चेंडूबरोबर मान फिरवणं. उंच चेंडू हवेत असताना त्याला कुणी फाउल करत नाही. तो पडणार तिथले दोघे बघा: कोण कुणाच्या खांद्यावर हात टेकतंय, कोण जर्सी धरतंय. चेंडू लाथाडून लांब गेल्यावरही नजर क्षणभर मागेच ठेवा. उशिरा बसलेली लाथ तिथेच असते.

शिट्टी तोंडात नको, हातात हवी. तोंडात असली की ती आपोआप वाजते आणि ॲडव्हांटेज (फाउल झालेल्या संघाचा फायदा होत असेल तर खेळ चालू ठेवणं) मारला जातो. हात तोंडापर्यंत जाईस्तोवर मिळणारा क्षण विचाराला पुरतो. उलट चूकही होते: फाउल झालेल्या संघाकडे चेंडू राहिला म्हणजे ॲडव्हांटेज झाला असं नाही. आपल्याच गोलसमोर तीन जणांच्या वेढ्यात अडकलेल्याला फ्री किकच हवी असते. दोन-तीन सेकंदांत फायदा झाला नाही तर मागे येऊन फाउल द्या.

कार्डाचा क्रम पाठ हवा: खेळाडूला बाजूला घ्या, आधी त्याचं नाव वहीत आहे का बघा, संघ-नंबर-मिनिट लिहा, मग कार्ड दाखवा. 2006 च्या वर्ल्डकपमध्ये क्रोएशिया-ऑस्ट्रेलिया सामन्यात ग्रॅहम पोल यांनी योसिप शिमुनिचला तीन यलो कार्डं दाखवली, तेव्हा कुठे तो बाहेर गेला. दुसरं कार्ड ऑस्ट्रेलियाच्या 3 नंबरच्या नावावर लिहिलं गेलं होतं. शिमुनिचचाही नंबर 3 होता. वहीत दोन संघांचे दोन रकाने करून वर जर्सीचा रंग लिहिला तर ही गफलत टळते. चिखलात नंबर दिसत नसेल तर पाठ फिरवायला सांगा, लाजू नका.

निभावण्याच्या चुका बहुधा पहिल्या दहा मिनिटांत रुजतात. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर दोन तालमींच्या संघांचा सामना असो की शाळेच्या मैदानावरचा, पहिली आडदांड टॅकल सोडलीत की सत्तराव्या मिनिटाला तुमचं कुणी ऐकत नाही. निष्काळजीपणाला नुसती फ्री किक, समोरच्याची पर्वा न करता केलेल्या टॅकलला यलो, अतिरेकी जोराला रेड. घड्याळ पाहून हे मोजमाप बदलू नका.

पाच-सहा सामने झाले की वही एकदम वाचा आणि ज्या रकान्यात गर्दी आहे त्यातली एकच गोष्ट पुढच्या सामन्यासाठी निवडा. अनुभवी रेफ्रीला ‘कसं झालं?’ विचारू नका, ‘कॉर्नरला मी कुठे उभा राहतो तेवढंच बघा’ असं सांगा. कुणी मोबाइलवर शूटिंग करत असेल तर उंचावरून, मैदान पूर्ण येईल असं करायला सांगा, आणि बघताना आवाज बंद ठेवा. प्रेक्षकांचा गलका ऐकू आला की प्रत्येक टॅकल फाउल वाटायला लागते.