मोठी फाइल चढताना सर्व्हर धापा टाकतो?

नाशिकच्या सातपूर-अंबडमधल्या कारखान्यांची डिझाइनं असोत की गोदाघाटावर केलेल्या प्री-वेडिंगचे व्हिडिओ, दोन-चार जीबीची फाइल वेबवरून चढू लागली की लोड वाढतो आणि साइट रांगायला लागते. लगेच मोठा सर्व्हर घेऊ नका.

१. अपलोड चालू असतानाच लिनक्स सर्व्हरवर ‘टॉप’ कमांड (ताण कुठे आहे ते दाखवणारी) लावा. सीपीयू बराच मोकळा, पण ‘डब्ल्यूए’ (डिस्कची वाट बघण्यात जाणारा वेळ) चढलेला दिसला तर घोडं डिस्कवर अडलंय.

२. साइट पीएचपी या भाषेत असेल तर पीएचपी आलेली फाइल आधी तात्पुरत्या फोल्डरात उतरवते, मग ठरल्या जागी हलवते. दोन्ही जागा वेगळ्या पार्टिशनवर (डिस्कच्या वेगळ्या भागांवर) असल्या तर अख्खी फाइल पुन्हा कॉपी होते. पीएचपीच्या सेटिंगच्या आयएनआय फाइलमधलं अपलोडचं टेम्प फोल्डर शेवटच्या जागेच्याच पार्टिशनवर न्या (वेब रूट म्हणजे साइटच्या उघड्या फोल्डरच्या बाहेर, लिहिण्याच्या परवानगीसह) आणि पीएचपी रीस्टार्ट करा. आता हलवणं म्हणजे नुसतं नाव बदलणं. बहुतेकांचं काम इथेच भागतं.

३. एनजिनएक्स आणि अपाचे हे दोन वेब सर्व्हर. पुढे विनंत्या घ्यायला एनजिनएक्स, मागे अपाचे असेल तर एनजिनएक्सही डिस्कवर एक प्रत लिहितो. फक्त अपलोडच्या पत्त्यापुरतं ‘प्रॉक्सी रिक्वेस्ट बफरिंग’ (पूर्ण फाइल आधी साठवून मग मागे पाठवणं) ऑफ करा.

मात्र तिसरी पायरी जपून: बफरिंग बंद असताना नेट मंद असलेला एकेक ग्राहक अपलोड संपेपर्यंत अपाचेचा एक वर्कर (विनंती हाताळणारा घटक) अडवून ठेवतो.