प्लॉटर बंद पडला की होकायंत्राशेजारी फोन ठेवू नका

त्या रात्री बोटीची वीजच गेली. चार्टप्लॉटर (स्क्रीनवर नकाशा आणि बोटीचं स्थान दाखवणारं यंत्र), खोली दाखवणारं यंत्र, होकायंत्रावरचा छोटा दिवा, सगळं एकदम बंद. मी फारशी घाबरले नाही. कागदी चार्ट, म्हणजे समुद्राचा नकाशा, होता, जीपीएसवरचं शेवटचं स्थान दहाच मिनिटांपूर्वी लॉगबुकात लिहिलेलं होतं. वेग ५ नॉट, दिशा ठरलेली, म्हणजे तासाभरात ५ सागरी मैल. अंधारात होकायंत्र दिसावं म्हणून फोनची टॉर्च लावली आणि फोन त्याच्या शेजारीच टेकवून ठेवला.

तासाभराने दीपगृहाचा प्रकाश दिसला. उजव्या हाताला दिसायला हवा होता, दिसला डाव्या हाताला. आधी मला चार्टचाच संशय आला, दिवा दुसराच असेल असंही वाटलं. चमकण्याची वेळ मोजली, दिवा तोच. मग काहीतरी पाहायला फोन उचलला आणि होकायंत्राची तबकडी हळूहळू फिरून जवळजवळ २० अंश सरकली. फोन परत ठेवला, तबकडी परत फिरली.

फोनच्या स्पीकरमध्ये चुंबक असतो. अंश-दोन अंशांची चूक सुकाणू धरणाऱ्याच्या हाताने होतेच, पण २० अंश म्हणजे काय ते बघा: १ अंश चुकला तर ६० मैलांत साधारण १ मैल बाजूला जाता. म्हणजे २० अंश चुकले तर ५ मैलांतच दीड मैलाहून जास्त. त्या बाजूला खडक असते तर आज हे लिहीत नसते. आणि होकायंत्र बिघडल्याचं कुठूनच कळत नाही. तबकडी स्थिर असते, आकडा नीट दिसतो, आपण निष्ठेने तो आकडा धरून चुकीकडे जात राहतो.

म्हणून निघण्याआधी हे कराच. चाकू, स्पीकर, पत्र्याचा डबा, डोक्याला बांधायची टॉर्चसुद्धा, एकेक वस्तू होकायंत्राजवळ न्या आणि तबकडी हलते का पाहा. जी हलवते तिची जागा कायमची दूर ठरवा. चार्टवरच्या दोन खुणा एका रेषेत आल्या की त्या रेषेची दिशा होकायंत्राशी ताडून बघा. व्हेरिएशन, म्हणजे चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक, धरूनही फरक उरला तर तो तुमच्या बोटीचा, त्या दिशेपुरता. दुसऱ्या दिशेला तो वेगळा निघेल.

‘दोन फोनमध्ये ॲप आहे, तोच बॅकअप’ असं सांगणाऱ्यांचं ऐकू नका. दोन्ही त्याच उपग्रहांवर चालतात, त्याच बोटीत भिजतात. मला शिकवणाऱ्यांपैकी एकाने भर दिवसा स्क्रीनवर टॉवेल टाकला आणि म्हणाला, आता बोट ने. त्या एका दुपारी मी जे शिकले ते महिनाभर स्क्रीन बघून शिकले नव्हते. असा माणूस मिळाला तर त्याची बडबड सोसा.

बाकीचं स्क्रीनशिवाय जमतं, खरंच जमतं. दर अर्ध्या तासाला वेळ, दिशा, वेग आणि स्थान लिहायचं. अंतर चार्टच्या बाजूच्या अक्षांशपट्टीवरच मोजायचं, तिथला १ मिनिट म्हणजे १ सागरी मैल. वरच्या रेखांशपट्टीवर मोजलं की फसलात. वेग मोजायलाही यंत्र लागत नाही: बोट १० मीटर लांब असेल, तर पुढच्या टोकाला पाण्यात टाकलेला लाकडाचा तुकडा मागच्या टोकाशी यायला ४ सेकंद लागले म्हणजे वेग साधारण ५ नॉट. तीन खुणांच्या बेअरिंगच्या (होकायंत्राने घेतलेल्या त्यांच्या दिशांच्या) रेषा एका बिंदूत मिळत नाहीत, त्रिकोण होतो. त्याला घाबरू नका. त्रिकोणाचा जो कोपरा धोक्याच्या सर्वांत जवळ, तिथेच आपण आहोत असं धरायचं.

किनाऱ्याजवळ आलात की शिसं बांधलेली दोरी सोडा, आलेल्या खोलीतून भरतीचं पाणी वजा करा आणि चार्टशी ताडा. जुळत नसेल तर पुढे जाऊ नका. बोट वळवा, खोल पाण्यात परत जा आणि उजाडेपर्यंत तिथेच थांबा.