लाँगआर्मसाठी बॅटिंग: अडीच प्रकार पुरतात

बॅटिंग म्हणजे रजईच्या दोन कापडांमधला मऊ थर, आणि लाँगआर्म म्हणजे फ्रेमवर ताणलेली रजई शिवायचं मोठं मशीन. इंदूरच्या एम. टी. क्लॉथ मार्केटात मी पहिल्यांदा "बॅटिंग आहे का?" असं विचारलं, तेव्हा गादीवर बसलेले शेठ शांतपणे म्हणाले, "बैटिंग तो स्टेडियम में मिलेगी, मैडम." तर पहिली गोष्ट, बाजारात वॅडिंग म्हणा, नाहीतर रजाईची शीट. आणि दुसरी, ते जी शीट काढून दाखवतील ती हाताला मऊ लागली म्हणून घेऊ नका. मी घेतली होती.

गडद निळी रजई होती, एका बाईंनी लेकीच्या लग्नासाठी जोडलेली. मी स्वस्तातली पॉलिस्टरची शीट घातली. शिवताना छान फुगली. फ्रेमवरून उतरवली तर प्रत्येक टाक्याच्या भोकातून पांढरे तंतू डोकावत होते, जणू निळ्या कापडाला दाढी फुटलीय. चिकट रोलर फिरवून काढले, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढेच. शिलाई तर सोडलीच, वर कापडाचे पैसेही भरून दिले. दुकानदाराशी भांडून काय करणार? तपासायचं काम माझं होतं, मी तपासलं नव्हतं.

आता नमुन्याचा तुकडा घरी आणल्याशिवाय मी रोल उचलत नाही. आधी वजन. पत्र्याचा 10 बाय 10 सेंटीमीटरचा साचा करून घेतलाय. त्याच्या मापानं शीटचे तीन तुकडे कापायचे, दोन्ही काठांचा एकेक आणि एक मधला. ग्रॅममधलं वजन गुणिले 100 म्हणजे जीएसएम, एका चौरस मीटरचं वजन. स्वयंपाकघरातला काटा एवढं बारीक दाखवत नाही. आमचे शेजारी सराफ्यात बसतात, सुरुवातीला त्यांच्याच काट्यावर तोलून आणायची. "काकू, आज किती तोळे?" म्हणून चेष्टा व्हायची. पण त्याच काट्यानं दाखवलं की 200 ची म्हणून दिलेली शीट काठाला 1.4 ग्रॅम भरते आणि मध्ये 1.9, म्हणजे 140 आणि 190. हातानं शिवलेल्या गोधडीत हे खपून जातं. लाँगआर्मवर तिन्ही थर धरलेले असतात, मिनिटाला हजाराच्या वर टाके पडतात. विरळ जागी रजई चपटी बसते आणि नक्षी उठतच नाही.

मग काडी. कापूस कागदासारखा जळतो, मऊ राखाडी राख राहते. पॉलिस्टर आक्रसतं, वितळतं आणि थंड झाल्यावर कडक मणी होतो. लोकर जळल्या केसांसारखी वास मारते. शंभर टक्के कॉटन म्हणून विकलेल्या मालात मणी सापडला की पुढचं बोलणं सोपं होतं. (हे अंगणात करा, चिमट्यात धरून.)

तिसरी परीक्षा धुण्याची. 50 सेंटीमीटरचा चौकोन कापून काठाला रंगीत दोरा घालायचा, धुवायचा, वाळवायचा, मोजायचा. अडीच सेंटीमीटर आटला तर 5 टक्के. आटणं वाईट नसतं. जुन्या गोधडीसारखी सुरकुती आवडणारे लोक हौसेनं ते मागतात, पण गिऱ्हाइकाला आधी सांगायला हवं. शेवटी दाढीची परीक्षा. काळ्या कापडाखाली तुकडा ठेवून, मशीनवर दाट टाके मारून, हातानं जोरात चोळायचं. माझे पैसे हिनं वाचवले असते.

आता साठा. नवीन माणूस सगळे प्रकार भरतो आणि अर्धे रोल पडून राहतात. मी अडीच ठेवते. पहिला, 80 टक्के कॉटन आणि 20 टक्के पॉलिस्टरचा. माझं बहुतेक काम यावरच होतं. कॉटनसारखा पडतो, पण थोडा फुगवटा धरतो. दुसरा पॉलिस्टरचा, वजनाला हलका, लवकर वाळणारा. लहान मुलांच्या आणि रोज धुतल्या जाणाऱ्या रजयांसाठी. त्यावर कडक इस्त्री नको, हे चिठ्ठीवर लिहून देते. उरलेला अर्धा म्हणजे काळ्या बॅटिंगचा छोटा रोल, गडद कापडांसाठी. तो का, ते वर वाचलंतच. लोकर सुंदर असते, घडीची खूण राहत नाही, पण ती मी मागणी आली तरच मागवते. पांढऱ्या कापडाखाली ब्लीच न केलेलं कॉटन नको. सरकीचे काळपट कण दिसतात आणि पांढरं पिवळट वाटतं.

शिलाईच्या दोन ओळींमध्ये किती अंतर चालेल हे लेबलवर असतं, ते वाचा. वॉर्म अँड नॅचरल नावाच्या बॅटिंगवर 10 इंच अंतर चालतं. साध्या शीटवर असं लिहिलेलंच नसतं, तिथे मी 3 इंचांच्या वर जात नाही. जाळीचा थर असलेलं बॅटिंग असेल तर जाळी खाली.

रोलची रुंदी ठरवताना कागद-पेन्सिल घ्या. बॅटिंग चारही बाजूंनी 4 इंच जास्त लागतं. म्हणजे 90 बाय 100 ची रजई असेल तर 98 बाय 108 चा तुकडा. 96 इंची रोलमधून तो निघत नाही, दोन इंच कमी पडतात. 120 इंची रोलवर 12 इंचांची पट्टी उरते. 108 इंची रोलवर 98 इंच कापलं की चिंधीसुद्धा उरत नाही. तुमच्याकडे जास्त येणारं माप आधी वहीतून काढा, मग रोल मागवा. तीन मोठ्या रजया निघतील एवढाच उरला की मी फोन करते. दिवाळीच्या आधी पाच.

रोल आडवा ठेवायचा, उभा ठेवला की खालचा काठ दबतो. पावसाळ्यात प्लॅस्टिक काढून जुनी सुती चादर गुंडाळते, कारण प्लॅस्टिकच्या आत ओल धरते आणि कुबट वास येतो. तो वास रजईतून जात नाही. भिंतीपासून वीतभर दूर, जमिनीपासून फळीवर. उंदरांचं काय करायचं ते तुमच्या घरावर अवलंबून, आमच्याकडे मांजर आहे.

उरलेल्या पट्ट्या एकावर एक चढवून जोडू नका, वरंबा उठतो. काठाला काठ लावून रुंद झिगझॅग मारायचा. गरम भांडं धरायच्या हातरुमालात मात्र पॉलिस्टरची पट्टी कधीच नको.

आणि प्रत्येक कामाचा दोन इंची तुकडा मी वहीत स्टेपल करते. शेजारी तारीख, जीएसएम, रोलचा लॉट. वर्षानं तीच बाई येते आणि म्हणते, "मागच्या वेळचंच घाल हं, ते आमच्या ह्यांना फार आवडलं." तेव्हा वही उघडून तुकडा तिच्याच हातात देते.