नवतप्यात डीव्हीआरची पेटी कशी सांभाळायची

नागपूरच्या महाल भागात माझं सीसीटीव्ही आणि कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागला की लोक एकच तक्रार घेऊन येतात: "दादा, दुपारी रेकॉर्डिंग बंद पडतं आणि रात्री आपोआप सुरू होतं." जाऊन डीव्हीआरची, म्हणजे कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणाऱ्या यंत्राची, पेटी उघडावी तर पंखा फिरतच असतो. हवा मात्र जागची हलत नाही.

पंखा हवा थंड करत नाही, आतली गरम हवा बाहेर लोटतो. खोलीत ४२ अंश असतील तर पेटीत त्याच्या खाली जाणारच नाही. आपल्या हाती असतो तो खोलीपेक्षा वरचा फरक. तो १० अंशांवर रोखायचा तर वॅटला १.७६ ने गुणा आणि १० ने भागा. डीव्हीआर, नेटवर्क स्विच, राउटर मिळून ६० वॅट धरले, तर मिनिटाला साधारण साडेदहा घनफूट हवा लागते. पंख्यावर छापलेला आकडा मोकळ्या हवेतला असतो. जाळी आणि वायरींचा गुंता मध्ये आला की तो बराच घसरतो, म्हणून तिप्पट क्षमतेचा घ्या. १२ व्होल्टचा, १२० मिलिमीटरचा पंखा पुरतो.

आता जागा. हवा खालून, समोरून आत यावी आणि वरून, मागून बाहेर जावी. दोन्ही भोकं शेजारी पाडली तर तीच गरम हवा गोल फिरत राहते. पंख्याच्या चौकटीवर बाण असतो. नसेल, तर ज्या बाजूला मोटर धरणाऱ्या दांड्या दिसतात तिकडून हवा बाहेर पडते. खात्रीसाठी खालच्या भोकाशी उदबत्ती धरा. धूर आत ओढला जाऊन हार्ड डिस्कवरून वर निघाला पाहिजे. पेटीचं दार उघडं ठेवू नका. पंखा मग दाराजवळचीच हवा ओढतो आणि डिस्क तापतच राहते.

आणि कूलरचा झोत पेटीवर सोडू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. इतवारीतल्या एका दुकानात पेटी कूलरसमोरच टांगली होती. ओल आणि धूळ मिळून बोर्डावर चिखल बसला होता, सोल्डरवर हिरवट थर चढला होता. तो बोर्ड मला वाचवता आला नाही.

उन्हाळ्यात दर पंधरवड्याला वीज बंद करून जाळी झटका. ब्लोअर मारताना पाती बोटाने धरून ठेवा, नाहीतर पंखा भलत्या वेगाने फिरून बेअरिंग जातं.

मग दुपारी तीन वाजता डीव्हीआरच्या मेनूत हार्ड डिस्कचं तापमान बघा. ५५ च्या वर दिसलं, तर पंखा बदलायच्या आधी पुन्हा उदबत्ती लावा.